'सॉन्टर' म्हणजे नेमकं कसं चालणं?

तळ्याकाठची (नौपाडा, ठाणे) | शनिवार, रात्री १०:१२

गेल्या आठवड्यात भाची राहायला आली होती ऐरोलीहून. नववीत आहे. इंग्रजीच्या एका उताऱ्यात 'सॉन्टर' शब्द आला आणि गाईडमध्ये त्याचा अर्थ दिला होता 'फिरणे'. ती वैतागून म्हणाली, "आत्या, रोम म्हणजे फिरणे, वाँडर म्हणजे फिरणे, स्ट्रोल म्हणजे फिरणे, आता हाही फिरणेच. मग एवढे शब्द ठेवलेत कशाला?"

प्रश्न बरोबर होता. मी वीस वर्षं इंग्रजी शिकवते, पण मला एका शब्दात उत्तर देता येईना. हळू चालणे म्हणावं तर म्हातारपणानेही माणूस हळूच चालतो. रेंगाळणे म्हणावं तर त्यात दोष येतो, 'शाळेतून येताना कुठे रेंगाळलीस?' असा. उंडारणे तर शिवीच्या जवळचं.

संध्याकाळी आई, भाची आणि मी तलावपाळीला, म्हणजे ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी, गेलो. आई ७८ वर्षांची आहे, गुडघे तसे ठीक आहेत तिचे. कोपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूने निघालो. भाची भराभर पुढे गेली, मासुंद्याला अख्खी फेरी मारून परत आली, तेव्हा आई गजऱ्यांच्या टोपलीपाशीच उभी. मोगऱ्याचा एकेक गजरा उचलायचा, अंगठ्याने कळ्या दाबून बघायच्या, उमललेला असला की ठेवून द्यायचा. "मिटलेला दे गं, रात्री उमलू दे घरात." गजरा पानात बांधून झाला, तर पुढे दहा पावलांवर पाण्यातल्या बोटी बघत थांबली. तिला कुठेही पोचायचं नव्हतं आणि थांबल्याची खंतही नव्हती. मी भाचीला म्हटलं, बघ, आजी करतेय ना, ते सॉन्टर.

तिला पटलं. पण मग तिने विचारलं, शब्द आला कुठून? मला कॉलेजात आमच्या सरांनी सांगितलेली गोष्ट आठवली. मध्ययुगात युरोपात लोक पवित्र भूमीच्या, म्हणजे जेरुसलेमच्या यात्रेला निघाल्याचं सांगत गावोगाव फिरायचे. फ्रेंचमध्ये पवित्र भूमी म्हणजे 'सँत तेर'. त्यांना बघून पोरं ओरडायची, 'तो बघा सँत-तेरवाला चालला', त्यातून 'सॉन्टरर' आणि मग 'सॉन्टर'. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती ऐकताना मला आपली वारी दिसते. पण ती खरी आहे का? आणि या शब्दाला मराठीत काय म्हणाल? जाणकारांनी कृपया लिहावं.

---

निळी_खाडी (ऐरोली) | शनिवार, रात्री १०:५०

छान धागा. ही गोष्ट जगभर पसरली ती मुख्यतः अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोमुळे. चालण्यावर त्याचं एक व्याख्यान होतं, १८५१ मध्ये त्याने ते पहिल्यांदा दिलं आणि नंतर वाढवत, सुधारत राहिला. निबंध म्हणून ते 'अटलांटिक मंथली' या मासिकात जून १८६२ मध्ये छापून आलं. त्याच्या आदल्याच महिन्यात, ६ मे १८६२ ला, तो गेला होता. त्याला छापील अंक बघायला मिळाला नाही, हे वाचलं तेव्हा मला खूप लागलं होतं.

निबंधाच्या सुरुवातीलाच तो दोन व्युत्पत्त्या देतो. एक तुम्ही सांगितलीत ती. दुसरी 'साँ तेर', म्हणजे ज्याला भूमी नाही तो, बिनघराचा. आणि त्याचा चांगला अर्थही लावतो, की ज्याचं एक असं घर नाही त्याला सगळीकडेच घर. पण त्याचा कौल पहिलीला होता. रोज चार तास तरी रानावनातून चालल्याशिवाय आपली तब्येत आणि मन ठिकाणावर राहत नाही असं म्हणणारा माणूस तो, त्याला चालणं म्हणजे यात्रा वाटणारच.

---

निरुक्त (ठाणे पूर्व) | रविवार, सकाळी ७:३०

ताई, गोष्ट सुंदर आहे, परंतु शब्दाचा इतिहास म्हणून ती टिकत नाही. थोडं सविस्तर लिहितो.

ती थोरोने रचलेली नाही, त्याच्या शंभर वर्षं आधीची आहे. सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला, त्यात 'सॉन्टर'च्या नोंदीत या दोन्ही व्युत्पत्त्या आहेत. मात्र सूर पूर्ण वेगळा आहे. जॉन्सनच्या मते हे रिकामटेकडे लोक, पवित्र भूमीला निघाल्याची बतावणी करून भिक्षा मागणारे. त्याच बतावणीला थोरोने व्रताचं रूप दिलं. एकच व्युत्पत्ती, पण एकाला तीत भोंदू दिसला आणि दुसऱ्याला साधक.

आता ती का मान्य नाही, ते. शब्द एका भाषेतून दुसरीत येतो तेव्हा वाटेत पाऊलखुणा राहतात. 'सँत-तेर' वरून 'सॉन्टर' झाला असेल तर मधली रूपं कुठेतरी लिहिलेली सापडायला हवीत, फ्रेंचमध्ये यात्रेकरूंना त्या अर्थाने तसं म्हटलेलं दिसायला हवं. तसं काही सापडत नाही. आज इंग्रजी कोश या शब्दाचं मूळ अनिश्चित असंच नोंदवतात. स्वतःला साहसात झोकून देणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासूनही तो काढून दाखवण्याचा प्रयत्न झाला, पण तोही सर्वमान्य नाही. उच्चार जुळतो, अर्थ जुळतो, म्हणून लोक गोष्ट जोडतात. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. 'रोम' म्हणजे भटकणे हे क्रियापद रोमच्या यात्रेवरून आलं असंही असंच सांगितलं जात असे. तेही कोशकार मानत नाहीत.

पण जे सापडतं ते मला त्या गोष्टीहून मोलाचं वाटतं. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत 'सांट्रेन' असं क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ चालणे नाही. त्याचा अर्थ विचारात गढून जाणे, तंद्री लागणे. सावकाश, मजेत चालणे हा अर्थ सतराव्या शतकात, १६६० च्या दशकात दिसू लागतो. काही अभ्यासक हे दोन वेगळे शब्द धरतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण एकच शब्द असेल, तर तो आधी मनात फिरत होता आणि दोनशे वर्षांनी पायात उतरला.

आपल्याकडे याच्या नेमका उलटा प्रवास आहे. 'विचार' हा शब्द घ्या. वि + चर्. चर् म्हणजे चालणे, फिरणे. संचार, आचार, प्रचार, खेचर, जलचर, अगदी गुरांचं चरणंसुद्धा त्याच घरातलं. संस्कृतात 'विचरति' म्हणजे तो इकडेतिकडे हिंडतो. त्याच धातूपासून झालेला 'विचार' मात्र मनाचा झाला. आपण रोज शंभर वेळा 'विचार कर' म्हणतो, तेव्हा मुळात 'जरा हिंडून ये' असंच म्हणत असतो.

---

तळ्याकाठची | रविवार, सकाळी ८:०५

निरुक्तकाका, हे वाचून मी चहा तसाच ठेवून भाचीला फोन केला. विचार म्हणजे हिंडणं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

---

दिंडी_क्र_अमुक (कळवा) | रविवार, दुपारी १:२०

ताई, तुम्हाला त्या गोष्टीत वारी दिसली, तुमचा भाव कळला. पण मी नऊ वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी चालले आहे, म्हणून लिहिते. वारीचं चालणं असं नसतं हो.

सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता आहे. आजचा मुक्काम कुठे, दुपारचा विसावा कुठे, सगळं ठरलेलं. दिंडीत ओळ सोडायची नाही, टाळाचा ठेका सोडायचा नाही, पालखीच्या पुढे-मागे आपला जो क्रम असेल त्याच जागी चालायचं. दिवे घाटात पाय भरून येतात, तरी मागून रेटा असतो म्हणून चढतो. पहिल्या वर्षी मी एका विहिरीपाशी जरा बसले, पाणी प्यायले, आजूबाजूचं बघत राहिले आणि उठून बघते तर माझी दिंडी दिसेना. दोन तास दुसऱ्यांच्या दिंडीतून चालले, रडू येत होतं. तिथल्या एका माउलींनी माझी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "चालत राहा, मुक्कामाला सगळे भेटतात." भेटलेही.

वारीला आस असते. तुमच्या आईंना तळ्याकाठी आस नव्हती, म्हणून त्या गजरा बघू शकल्या. दोन्ही चांगलं, पण दोन्ही एक नाही. मला तर वाटतं, ज्याला खरंच पवित्र भूमीला जायचंय तो रमतगमत जाणार नाही.

---

निळी_खाडी | रविवार, दुपारी १:४४

+१. हा मुद्दा कुठल्याच इंग्रजी लेखात वाचला नव्हता.

---

नेरूळ_सेक्टर_अठरा | रविवार, दुपारी ४:१०

निरुक्त सर, थोडी शंका आहे. यात्रेवरून चालीला नाव पडूच शकत नाही असं तर नाही ना? मधली रूपं सापडली नाहीत म्हणजे ती नव्हतीच, असं कसं म्हणता येईल? मी इंजिनिअर आहे, भाषेतलं फार कळत नाही, पण पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा यात फरक करायला शिकवतात आम्हाला.

---

निरुक्त | रविवार, सायंकाळी ६:००

अतिशय योग्य शंका. यात्रेवरून चालीला नाव पडतं, आणि त्याचं खरं उदाहरण इंग्रजीतच आहे: 'कँटर'. घोड्याची ती मध्यम चाल, दुडकीपेक्षा वेगाची आणि भरधावपेक्षा कमी.

इंग्लंडात कँटरबरीला आर्चबिशप थॉमस बेकेट यांची ११७० साली कॅथीड्रलमध्येच हत्या झाली. पुढे त्यांना संतपद मिळालं, समाधीस्थानाला यात्रा भरू लागली. यात्रेकरू घोड्यावरून बेताच्या वेगाने जात, त्या चालीला 'कँटरबरी पेस', 'कँटरबरी गॅलप' म्हणू लागले. पुढे नुसतं 'कँटरबरी' आणि त्याचंही आखूड होऊन 'कँटर'. इथे पूर्ण रूप लिहिलेलं सापडतं, मधलं सापडतं, आखूड झालेलंही सापडतं. पायऱ्या शाबूत आहेत. 'सॉन्टर'ला अशी एकही पायरी दाखवता येत नाही.

तुमचं म्हणणं मान्य, उद्या एखादं जुनं कागद सापडलं तर मत बदलावं लागेल. पण तोवर ज्याच्या पायऱ्या दिसतात त्यालाच जिना म्हणावं. आणि कळव्याच्या ताईंचा मुद्दा इथेही लागू पडतो बघा. खऱ्या यात्रेतून आलेला शब्द चांगला वेगाचा निघाला.

---

बीट_सात (वाशी) | रविवार, रात्री ८:३५

मी सहसा नुसता वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

मी पोस्टमन होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्याकडे ठरलेल्या वाटपाच्या भागाला बीट म्हणतात. सकाळी टपाल लावायचं, म्हणजे बीटच्या क्रमाने रचायचं, पहिली इमारत वर, शेवटची खाली. एकदा लावलं की पाय आपोआप त्या क्रमाने जातात. एवढी वर्षं चाललो, पण वर मान करून बघितलं नाही. नजर पत्त्यावर, नाहीतर जिन्याच्या पायरीवर.

निवृत्तीनंतर घरी बसवेना. एक दिवस सकाळी निघालो आणि सवयीने माझ्याच बीटवर गेलो. खांद्याला पिशवी नाही म्हणून डावा खांदा वर गेल्यासारखा वाटत होता. दुसऱ्या इमारतीच्या फाटकाशी बकुळीचं झाड आहे. खाली फुलं पडलेली. त्या फाटकातून मी हजारो वेळा आत गेलोय आणि ते झाड बकुळीचं आहे हे मला तेव्हा कळलं. तिथेच थांबून ओंजळभर वेचली. वरून एका आजींनी ओळखलं, "पोस्टमनदादा, आज काही आहे का आमचं?" म्हटलं, "नाही आजी, आज नुसताच आलोय."

इंग्रजी मला बेताचं येतं. पण 'सॉन्टर' वाचल्यावर वाटलं, आज नुसताच आलोय, हेच ते असावं.

---

तळ्याकाठची | रविवार, रात्री ८:५८

दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्यांना विचार, बकुळ रुमालात बांधून ठेवली का. वाळली तरी वास जात नाही म्हणावं.

---

बीट_सात | रविवार, रात्री ९:१५

ठेवली आहे. आईंना नमस्कार सांगा.

---

पालावरची (दिवा) | सोमवार, सकाळी ११:४०

सगळ्यांचं लिहिणं आवडलं, पण त्या दुसऱ्या व्युत्पत्तीवर कुणी बोललं नाही. साँ तेर, ज्याला भूमी नाही तो. खोटी असली तरी मला त्यावर लिहायचं आहे.

आम्ही घिसाडी. माझे आजोबा भाता, ऐरण, हातोडे गाढवावर लादून गावोगाव जायचे. विळे, खुरपी, कोयते करून द्यायचे, काम संपलं की पाल उचलायचं. पावसाळ्याच्या तोंडावर शेतकरी वाट बघायचे त्यांची. पण काम झालं की तेच गाव विचारायचं, अजून किती दिवस आहात? आज माझ्या दाखल्यावर 'भटक्या जमाती' असं लिहिलंय. माझा जन्म कळव्याच्या दवाखान्यातला, वीस वर्षं एकाच घरात राहते, बँकेत नोकरी करते, पण कागदावर मी भटकी.

जॉन्सनने फिरणाऱ्या माणसाला भोंदू म्हटलं हे वाचून नवल वाटलं नाही. इंग्रजांनी इथे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते रद्द झालं, म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात. जो माणूस एका जागी राहत नाही त्याच्यावर संशय घ्यायचा, ही नजर त्या कायद्यामागे होती, आणि ती नजर त्या शब्दकोशातही आहे.

थोरोला जमीन नसणं सुंदर वाटलं, कारण संध्याकाळी परतायला त्याला घर होतं. आजोबा मजेत फिरत नव्हते. तरी एक सांगते. आजी शेवटपर्यंत पक्क्या घरात झोपायला नको म्हणायची. दारासमोर अंथरूण घालायची. म्हणायची, "छताखाली वाट दिसत नाही." तिच्या या वाक्यात दुःख होतं की आवड, हे मला अजून ठरवता येत नाही.

---

निरुक्त | सोमवार, दुपारी १२:३०

ताई, जॉन्सनची नोंद मी सांगितली खरी, पण तिच्यातला डंख मला दिसला नव्हता. तुम्ही दाखवलात. कोश वाचताना अर्थ कुणी लावलाय, तो कुठे बसून लावलाय, हेही वाचायला हवं.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण ज्या गावाच्या आसपास राहतो त्याचं शिलाहारांच्या ताम्रपटांतलं नाव श्रीस्थानक. स्था म्हणजे उभं राहणे, थांबणे. त्या स्थानकाचंच ठाणे झालं. ठाण मांडणे, ठाणबंद, पोलीस ठाणे हे सगळे थांबण्याचे शब्द. भाषेत थांबलेल्याला नेहमीच मान मिळाला आहे: प्रतिष्ठा, प्रस्थापित, संस्था, सगळीकडे तोच स्था. आणि फिरणाऱ्याच्या वाट्याला काय आलं? भ्रम् म्हणजे फिरणे. त्यातून भ्रमण, भोवरा, भोवळ आणि भ्रम, म्हणजे चूक. लॅटिनमध्येही 'एरारे' म्हणजे भटकणे, त्यातून इंग्रजी 'एरर'. दोन दूरच्या भाषांनी भटकण्याला चूक ठरवलं.

---

नेरूळ_सेक्टर_अठरा | सोमवार, दुपारी १:०५

छोटीशी भर. 'ट्रॅव्हल' हा शब्द 'ट्रॅव्हेल'पासून, म्हणजे कष्टापासून आलाय हे माहीत होतं. आज लक्षात आलं की आपली 'यातायात'ही तशीच आहे. शब्दशः जाणं-येणं, पण मराठीत अर्थ झाला त्रास, खटाटोप. रोज ट्रान्स-हार्बर लोकलने जाणाऱ्याला वेगळं समजवावं लागणार नाही.

---

वऱ्हाडातला (खारघर) | सोमवार, सायंकाळी ७:२०

मराठी शब्दाचं काय ठरलं मग? माझं मत 'रमतगमत'ला. आणि एक सांगतो, आमच्या अकोल्याकडे 'गमत नाही' म्हणतात. मी पहिल्यांदा खारघरला आलो तेव्हा आईला फोनवर रोज तेच सांगायचो, "मले इथं गमत नाही." इकडचे मित्र विचारायचे, गमत नाही म्हणजे काय? तुमच्याकडे जे करमत नाही, तेच. मन लागत नाही.

---

तळ्याकाठची | सोमवार, सायंकाळी ७:३८

थांबा, थांबा. म्हणजे 'रमतगमत'मधलं गमत हे जाणं नाही, मन लागणं आहे? काका?

---

निरुक्त | सोमवार, रात्री ८:१०

मूळ धातू गम्, जाणे. संस्कृतात तोच अर्थ. पण मराठीत 'गमणे' म्हणजे वाटणे, आणि करमणे. जुन्या कवितेत 'मज गमे' येतं ते 'मला वाटतं' या अर्थाने. वऱ्हाडात तो शब्द रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, आमच्याकडे फक्त या जोडशब्दात उरला. म्हणजे 'रमत' तर मनाचं आहेच, 'गमत'ही मनाचं आहे, आणि खाली धातू मात्र चालण्याचा. पाय आणि मन एकाच शब्दात. पंधराव्या शतकातली तंद्री आणि सतराव्या शतकातली चाल एकत्र ठेवायची तर याहून जवळचा शब्द मला सुचत नाही.

व्याकरणाची अडचण एवढीच की हे क्रियाविशेषण आहे, पुढे जाणे, चालणे, येणे असं काहीतरी लावावं लागतं. ते लावावं.

---

दिंडी_क्र_अमुक | सोमवार, रात्री ८:४५

अनुमोदन. हा शब्द मला वारीला चालणार नाही, पण वारीहून परत येताना चालेल. एसटीत बसायच्या आधी चंद्रभागेच्या वाळवंटात आम्ही बायका तशाच फिरतो.

---

तळ्याकाठची | मंगळवार, दुपारी ४:००

भाचीने वहीत गाईडचा अर्थ खोडून लिहिलं: 'सॉन्टर: रमतगमत चालणे, मन लागलेलं असताना.' खाली वाक्य: 'माझी आजी तलावपाळीला रमतगमत चालते.' समासात पेन्सिलीने 'विचार = वि + चर्' असंही लिहून ठेवलंय. पवित्र भूमीची गोष्टही मी तिला सांगितली, ती खरी का नाही या कारणासकट. आणि पालावरची, तुमच्या आजींचं वाक्य आईने दोनदा वाचून घेतलं. काही बोलली नाही, नंतर गॅलरीत जाऊन बसली.

शनिवारी आम्ही तिघी पुन्हा जातोय. सहाच्या सुमारास कोपिनेश्वराच्या समोरच्या बाजूला असू. ज्यांना जमेल त्यांनी या.

---

बीट_सात | मंगळवार, सायंकाळी ५:२५

मी येतो वाशीहून. बकुळीचा रुमाल आणतो. चारलाच निघेन, ठाणे स्टेशनपासून चालत येईन.